एक्झिमा: इंजेक्शन की गोळी?
सावळ्या-काळ्या त्वचेवर एक्झिमाची लाली ठळक उठत नाही. चट्टा जांभळट किंवा राखाडी दिसतो, आणि दुखणं आहे त्याहून किरकोळ समजलं जातं. मलमांनी भागेना की बऱ्याचदा दोन नावं पुढे येतात.

ड्युपिलुमॅब: मोठ्यांना दर 2 आठवड्यांनी पोटात किंवा मांडीत 300 मिग्रॅचं इंजेक्शन. गुण सावकाश येतो. काहींचे डोळे चुरचुरतात. रक्ततपासण्यांचा ससेमिरा मात्र सहसा नसतो.

उपाडासिटिनिब: रोज एक गोळी, खाज काही दिवसांतच उतरू लागते. पण आधी टीबीची तपासणी, मग अधूनमधून रक्ततपासणी. गंभीर संसर्ग आणि रक्ताच्या गुठळ्यांचा इशाराही आहेच. शिवाय मुरुमं येऊ शकतात, आणि गडद त्वचेवर त्यांचे डाग महिनोन्महिने हटत नाहीत. हृदयविकार किंवा सिगारेट असेल, तर मी आधी इंजेक्शनचंच विचारेन.