घरपोच एक्स-रे: मशीन तेच, हात वेगळे

दादर, परळ, लालबाग, गिरगाव या पट्ट्यात आता फोन केला की एक्स-रेचं मशीन घरी येतं. न्हाणीत पडलेली आजी, ऑक्सिजनवर असलेले आजोबा, लिफ्ट नसलेल्या इमारतीतला चौथा मजला, अशा घरांना या सेवेचा खरा आधार आहे. आजारी माणसाला खुर्चीत बसवून जिने उतरवा, टॅक्सीत घाला, रांगेत थांबा आणि तसंच वर आणा, हे सगळं वाचतं. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णासाठी पैसे वसूल, हे आधीच सांगून टाकतो. मात्र फिल्म कशी येणार हे कंपनीच्या नावावर कमी आणि मशीनसोबत आलेल्या टेक्निशियनवर जास्त अवलंबून असतं.

त्यातही नुसती वर्षं मोजून भागत नाही. ओपीडीत 15 वर्षं स्टँडसमोर छातीचे एक्स-रे काढणारा माणूस घरातल्या खाटेपुढे नवखाच असतो. आयसीयूत आणि कॅज्युअल्टीत पोर्टेबल मशीन फिरवत 3 वर्षं काढलेली मुलगी तिथे त्याच्यापेक्षा सरस ठरते. अनुभव किती यापेक्षा कुठला, हे महत्त्वाचं.

छातीचंच घ्या. केंद्रावर रुग्ण उभा असतो, छाती डिटेक्टरला, म्हणजे चित्र टिपणाऱ्या पाटीला, टेकलेली, किरण सोडणारी नळी पाठीमागे 180 सेंटिमीटरवर. याला पीए म्हणतात, म्हणजे किरण पाठीकडून छातीकडे. घरी रुग्ण बसलेला किंवा आडवा, डिटेक्टर पाठीशी, नळी समोर आणि अंतर जेमतेम 100 सेंटिमीटर. या एपी, म्हणजे छातीकडून पाठीकडे काढलेल्या, फिल्ममध्ये हृदय डिटेक्टरपासून लांब पडतं आणि आहे त्यापेक्षा मोठं दिसतं. फिल्मवर ‘एपी, बसून’ किंवा ‘एपी, झोपून’ लिहिलेलं नसेल तर वाचणाऱ्या डॉक्टरला हृदय वाढल्याचा भास होतो. चांगला टेक्निशियन हे न सांगता लिहितो, अंतरही टाकतो.

दुसरी अडचण कापसाच्या गादीची. डिटेक्टर तिच्यात एका बाजूने रुततो, रुग्ण किंचित वळतो, आणि एक फुफ्फुस काळं तर दुसरं पांढुरकं येतं. ग्रिड, म्हणजे विखुरलेले किरण गाळणारी जाळी, लावली असेल आणि नळी तिच्याशी काटकोनात नसेल, तर हाच घोटाळा आणखी वाढतो. अशा फिल्मवर छातीत पाणी असल्याचा संशय घेतला गेला, तर दोष टेक्निशियनचा, डॉक्टरचा नव्हे. जाणता माणूस आल्या आल्या पाट किंवा प्लायवूडची फळी मागतो, दोन्ही बाजूंना सारख्या उशा लावतो. पहिली फिल्म आली की दोन्ही कॉलरबोनची आतली टोकं मणक्याच्या मधल्या रेषेपासून सारख्या अंतरावर आहेत का, ते बघतो. रुग्ण मागे रेललेला असेल तर नळीही तितकीच खाली झुकवायची. नाहीतर बरगड्या आडव्या दिसतात आणि फुफ्फुसाचा तळ झाकला जातो. छातीतलं पाणी शोधायचं असेल तर मात्र रुग्णाला सरळ बसवूनच किरण आडवा सोडावा लागतो. आडव्या रुग्णात पाणी पाठीमागे पसरतं आणि नुसता धूसरपणा दिसतो.

श्वासाचं कसब तर पुस्तकातून येतच नाही. दम लागलेल्या रुग्णाला ‘श्वास घ्या, धरून ठेवा’ सांगणं व्यर्थ, त्याला तो धरताच येत नाही. अशा वेळी अनुभवी टेक्निशियन बोलणं थांबवतो, दोन-तीन श्वास नुसता छातीकडे बघत राहतो आणि छाती पूर्ण भरते त्या क्षणी बटण दाबतो. बटण दोन टप्प्यांचं असतं. पहिला टप्पा आधीच दाबून ठेवला असेल तरच तो क्षण साधतो. मागच्या 8-9 बरगड्या मोजता आल्या तर श्वास पुरेसा समजावा.

हा क्षण साधायचा अशासाठी की पोर्टेबलची ताकद कमी. छातीला 2 एमएएस (मिलिअँपिअर गुणिले सेकंद) लागतात असं धरा. 200 मिलिअँपिअरच्या मशीनवर ते काम 0.01 सेकंदात होतं. 20 मिलिअँपिअरच्या पोर्टेबलवर 0.1 सेकंद लागतं, तेवढ्यात फुफ्फुस हललेलं असतं. कमरेच्या मणक्याच्या, बाजूने काढलेल्या फिल्मला 60 एमएएस धरले, तर त्याच पोर्टेबलवर हिशेब 3 सेकंदांवर जातो. स्थूल माणसाचा असा एक्स-रे घरी काढायला ‘हो’ म्हणणाऱ्यापेक्षा ‘केंद्रावर न्या’ म्हणणारा खरा जाणकार.

पडलेल्या वृद्धांच्या खुब्यात हात सगळ्यात जास्त कळतो. एरवी मांडीच्या हाडाची मान नीट दिसावी म्हणून पाय 15 ते 20 अंश आत वळवतात. पण पाय आखूड झालेला आणि बाहेर वळलेला दिसला की त्याला हात लावायचा नाही. आहे तसाच ठेवून दोन्ही खुबे एका फिल्ममध्ये घ्यायचे. मग चांगला पाय स्टुलावर उचलून, आडव्या किरणाने दुखऱ्या बाजूची दुसरी फिल्म. पाय वळवून ‘पुस्तकी’ फिल्म काढण्याचा हट्ट धरणारा टेक्निशियन दिसला तर त्याला तिथेच थांबवा. आणि फिल्ममध्ये काही दिसलं नाही तरी रुग्णाला पाय टेकवत नसेल, तर सीटी किंवा एमआरआयचं डॉक्टरांना विचारा; न सरकलेलं फ्रॅक्चर एक्स-रेत लपतं.

10 बाय 12 च्या खोलीत किरणांची शिस्त वेगळी लागते. छातीच्या एका एक्स-रेचा डोस सुमारे 0.02 मिलिसीव्हर्ट, म्हणजे घाबरायचं कारण नाही. पण घरच्यांना गॅलरीत पाठवणं, शेजाऱ्यांच्या पार्टिशनकडे किरण न सोडणं आणि बटणाच्या वायरची पूर्ण लांबी वापरून निदान 2 मीटर मागे उभं राहणं, हे झालंच पाहिजे. अंतर दुप्पट केलं की डोस चौथाईवर येतो. रुग्णाला धरावं लागलं तर घरच्यांपैकी कुणीतरी धरावं, लेड एप्रन घालून. गरोदर बाईने नाही. टेक्निशियनच्या छातीवर, एप्रनच्या आत, त्याला मिळालेला डोस मोजणारा टीएलडी बॅज हवा. मशीनचा परवाना एईआरबीचा, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाचा, असतो. त्याची प्रत मागायला लाजू नका.

डिजिटल मशीनने एक वाईट सवयही लावली आहे. जुन्या फिल्मवर डोस जास्त झाला की ती काळी पडायची, चूक लगेच दिसायची. डिजिटलमध्ये जास्त डोसची फिल्म उलट सुबक येते, म्हणून गर्दीच्या ओपीडीत हात हळूहळू सैल होतो. स्क्रीनवर डिव्हिएशन इंडेक्स, म्हणजे ठरल्यापेक्षा डोस किती कमी-जास्त ते सांगणारा आकडा, दिसत असेल तर तो शून्याच्या जवळ हवा. +3 म्हणजे ठरल्यापेक्षा दुप्पट. तसंच, एक्स-रे काढल्यावर कडा कापल्याने डोस कमी होत नाही, किरणांची चौकट आधीच आवळावी लागते. डावं-उजवं दाखवणारं शिशाचं अक्षरही आधी ठेवायचं, नंतर माऊसने चिकटवायचं नाही.

रिपोर्ट व्हॉट्सअॅपवर येतो, ती सोय छान. फक्त डॉक्टरांसाठी मूळ डायकॉम फाइल (एक्स-रेची पूर्ण दर्जाची फाइल) वेगळी मागून घ्या, व्हॉट्सअॅपवरच्या फोटोत बारकावे मरतात. घरी येण्याचं शुल्क भेटीला आहे की फिल्मला, हे आधी ठरवा.

बुकिंग करताना मजला, लिफ्ट, 15 अँपिअरचा सॉकेट आहे का, रुग्णाचं अंदाजे वजन आणि तो बसू शकतो का, एवढं सांगा. समोरच्याने यातलं काहीच विचारलं नाही तर दुसरीकडे फोन लावा. आणि गुडघेदुखीसाठी ही सेवा बोलावू नका. त्याला उभं राहून, पायावर भार टाकून काढलेली फिल्म लागते. झोपवून काढलेल्या फिल्ममध्ये झिजलेल्या गुडघ्यातली फटही ठीकठाक वाटते. रुग्ण चार पावलं चालू शकत असेल तर केंद्रावरच न्या.