यूएन कॉमट्रेड : मोटार कारखाना परदेशी गेल्यावर देशाचा व्यापारतोल किती कळतो?

मोटार कंपनीने उत्पादन परदेशात हलवले की देशाचा व्यापारतोल (निर्यात आणि आयात यांच्या मूल्यांतला फरक) बिघडतो, असे आपण सहज बोलून जातो. तो नेमका कुठे बिघडतो आणि त्यातले काय दुसऱ्या वाटेने भरून निघते, हे स्वतः तपासू इच्छिणाऱ्याला मी सर्वप्रथम संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी विभागाची ‘यूएन कॉमट्रेड’ ही माहितीसेवा सुचवेन. हा एकच प्रश्न समोर ठेवून मी ती वापरली आणि तेवढ्यापुरतेच हे परीक्षण आहे.

वापरण्याची रीत सोपी आहे. देश, भागीदार देश, वर्ष आणि वस्तूचा संकेतांक निवडला की आयात-निर्यातीचे मूल्य अमेरिकी डॉलरमध्ये समोर येते. वार्षिक आकडे १९६२ पासूनचे आहेत. साधा शोध विनामूल्य आहे. मोठ्या प्रमाणावर माहिती उतरवून घेण्यासाठी मात्र वर्गणी भरावी लागते.

या सेवेचे खरे मोल संकेतांकांच्या बारकाव्यात आहे. प्रवासी मोटारींचा संकेतांक ८७०३, सुट्या भागांचा ८७०८, तर पेट्रोल आणि डिझेल इंजिनांचे अनुक्रमे ८४०७ आणि ८४०८. केवळ ८७०३ पाहणाऱ्याचा निष्कर्ष हमखास चुकतो, कारण तयार गाडीची निर्यात घटते तेव्हा बऱ्याचदा तिच्या पोटातल्या भागांची निर्यात वाढत असते. जपानचे उदाहरण घ्यावे. १९८१ मध्ये अमेरिकेला होणारी मोटारनिर्यात वर्षाला १६.८ लाखांपर्यंत स्वेच्छेने मर्यादित ठेवण्याचे जपानने मान्य केले. १९८२ मध्ये होंडाने ओहायोतील मेरिसव्हिल येथे आणि १९८३ मध्ये निस्सानने टेनेसीतील स्मर्ना येथे उत्पादन सुरू केले. १९८५ मध्ये डॉलर स्वस्त करण्यासाठी पाच मोठ्या देशांनी केलेल्या प्लाझा करारानंतर येन महागला आणि ही वाट आणखी रुंद झाली. या कारखान्यांना सुरुवातीच्या काळात इंजिने, गिअरबॉक्स आणि यंत्रसामग्री जपानहूनच जात होती. पुढे पुरवठादारही आपल्या मोठ्या ग्राहकामागोमाग तिथे गेले आणि ही भरपाईही आक्रसत गेली. म्हणूनच कारखाना हलल्यानंतरच्या दोन-तीन वर्षांवर न थांबता निदान पंधरा वर्षांची रेषा काढून पाहावी. मात्र सध्याची संकेतांकपद्धती १९८८ पासूनची असल्यामुळे त्याआधीच्या काळासाठी जुने ‘एसआयटीसी’ वर्गीकरण निवडावे लागते. त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत मोटारी ७८१ आणि भाग ७८४ खाली सापडतात.

ऑस्ट्रेलियाची गोष्ट याहून कठोर आहे. फोर्डने २०१६ मध्ये, तर टोयोटा आणि होल्डन यांनी २०१७ मध्ये तिथले उत्पादन थांबवले आणि प्रवासी मोटारी जवळजवळ पूर्णपणे आयातीवर आल्या. इथेही जोडणीसाठी आयात होणाऱ्या भागांची गरज संपली, ती वजाबाकी केल्याशिवाय व्यापारतोलावरचा निव्वळ परिणाम कळत नाही.

आता मर्यादा. आयात सहसा जहाजभाडे आणि विमा धरून मोजली जाते, निर्यात त्याशिवाय. त्यामुळे एकाच व्यवहाराचे दोन देशांनी नोंदवलेले आकडे जुळत नाहीत. दुसरे, ही एकूण मूल्याची नोंद आहे. मेक्सिको आणि अमेरिका यांच्यात एखादा भाग जोडणीच्या टप्प्यांत अनेकदा सीमा ओलांडतो आणि प्रत्येक वेळी पूर्ण किमतीने मोजला जातो. देशाचा एकूण तोल यामुळे बदलत नाही, पण दोन देशांमधली तूट मात्र फसवी दिसते. त्यासाठी ओईसीडी या प्रामुख्याने विकसित देशांच्या संघटनेची मूल्यवर्धित व्यापाराची (वस्तूच्या किमतीत कोणत्या देशाने किती भर घातली हे दाखवणारी) आकडेवारी सोबत घ्यावी.

सर्वांत मोठी उणीव या सेवेच्या स्वरूपातच आहे : ती प्रामुख्याने वस्तूंच्या व्यापाराची नोंदवही आहे. परदेशातल्या कारखान्याने मायदेशी पाठवलेली रॉयल्टी सेवांच्या खात्यात जाते आणि नफा प्राथमिक उत्पन्नात, म्हणजे गुंतवणूक आणि श्रम यांवरच्या कमाईच्या खात्यात. २०११ मध्ये जपानला १९८० नंतर प्रथमच वार्षिक व्यापारतूट सोसावी लागली (भूकंपानंतर वाढलेली इंधनाची आयात हे त्याचे एक मोठे कारण होते), तरीही परदेशी गुंतवणुकीच्या उत्पन्नामुळे चालू खाते (वस्तू, सेवा आणि उत्पन्न यांचा परदेशाशी एकत्रित हिशेब) शिलकीतच राहिले. ही बाजू आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या व्यवहारतोलाच्या आकड्यांतच पाहावी लागते. चालू खाते असे सावरले, तरी जोडणी-कामगाराच्या पगाराची जागा भागधारकाच्या लाभांशाने घेतलेली असते, आणि ज्या गावाची भट्टी विझली त्या गावापर्यंत तो लाभांश क्वचितच पोहोचतो. मला या प्रश्नात सर्वांत जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट हीच आहे.

विद्यार्थी, पत्रकार आणि कामगार संघटनांचे कार्यकर्ते यांनी ही सेवा अवश्य वापरावी, असे माझे मत आहे. सुरुवात करताना चारही संकेतांक एकत्र मागवावेत, आणि विद्युत मोटारींसाठी २०१७ च्या आवृत्तीत आलेला ८७०३८० हा संकेतांक वेगळा काढावा. उत्पादनाचे पुढचे स्थलांतर त्याच ओळीत आधी दिसेल, असा माझा अंदाज आहे.