काचेवरच्या ठिपक्यांची पट्टी: कोकणातल्या घराला कितपत कामाची?

पक्षी काचेवर आपटू नयेत म्हणून ठिपक्यांची पट्टी मिळते. पारदर्शक टेपवर रांगेत पांढरे ठिपके असतात. टेप काचेवर दाबायची, घासायची आणि सोलून काढायची, मग काचेवर फक्त ठिपके उरतात. कोकणात ती घ्यावी का? जरूर घ्यावी, पण काचेच्या बाहेरून लावायची तयारी असेल तरच.

आगरातल्या घराच्या काचेत दिवसा माड, पोफळी आणि आभाळ उमटतं. पक्ष्याला ती खरीच झाडं वाटतात. ठिपके आतून लावले तर प्रतिबिंब त्यांच्यावरून तसंच राहतं आणि ते बाहेरून दिसतच नाहीत. वरच्या मजल्याला शिडी लावायचा कंटाळा म्हणून बरेच जण आतून लावतात. ते पैसे वाया गेले असंच समजावं.

दोन ठिपक्यांत आडवं-उभं 5 सेंटिमीटरहून जास्त अंतर नको आणि ठिपका 6 मिलिमीटरहून लहान नको. तिबोटी खंड्या हा पक्षी मुठीत मावेल एवढा, त्याला मोठी फट म्हणजे मोकळी वाटच. ससाण्याचं एकच मोठं चित्र चिकटवण्याची पद्धत म्हणूनच निरुपयोगी: पक्षी चित्र चुकवतो आणि शेजारच्या काचेवर आदळतो. 1 मीटर रुंद, 1.2 मीटर उंच काचेला 20 उभ्या ओळी, म्हणजे 24 मीटर पट्टी लागते. रोल मागवताना हा हिशोब आधी करा. निम्म्या काचेत पट्टी संपली तर उरलेला निम्मा भाग पक्ष्यांसाठी तितकाच धोक्याचा राहतो.

लावायची वेळ एप्रिल ते मेचा पहिला पंधरवडा. नवरंग आणि तिबोटी खंड्या हे पक्षी पावसाच्या तोंडावर येतात, त्याआधी काम उरकलेलं हवं. पाऊस सुरू झाल्यावर कोरडी काच मिळणं कठीण. ऑक्टोबरात नवरंग दक्षिणेकडे निघतो, तेव्हा सुटलेले ठिपके बदलून घ्या.

किनाऱ्यालगत खरी अडचण मिठाची. खाऱ्या वाऱ्याने काचेवर बसलेला थर डोळ्यांना दिसत नाही, पण गोंद काचेऐवजी त्याच थराला धरतो आणि पहिल्या झडीतच ठिपके सुटू लागतात. आधी साबणाचं पाणी वापरा. विहिरीचं पाणी मचूळ असेल तर शेवटचा हात गोड्या पाण्याचाच द्या. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि काच पूर्ण वाळू द्या. भर उन्हात तापलेल्या काचेवर लावू नका, सकाळ बरी. जुन्या एटीएम कार्डाने प्रत्येक ठिपका घासा आणि टेप काचेला समांतर मागे दुमडत सावकाश ओढा. सरळ ओढली की ठिपके टेपबरोबर परत येतात.

पट्टी महाग वाटली तर दोन स्वस्त पर्याय आहेत. एक, मच्छरजाळी. तीन ट्रॅकच्या स्लायडिंग खिडकीत जाळीचा पल्ला सर्वांत बाहेरच्या ट्रॅकवर घ्या. आतल्या ट्रॅकवर असला तर पक्ष्याच्या दृष्टीने काच उघडीच. दुसरा, दोऱ्यांचा पडदा: 3 मिलिमीटरची दोरी उभी, बाहेरून. 10 सेंटिमीटर अंतर साधारण वापरतात, पण लहान पक्षी असलेल्या वाडीत 5 ठेवावं. खालची टोकं मोकळी सोडली तर नैर्ऋत्येच्या वाऱ्याने गुंता होतो, म्हणून वर-खाली लाकडी पट्टीला बांधा. नायलॉन भिजलं की सैल पडतं, हे धरूनच ताण द्या. लोखंडी खिळे गंजतात, स्टेनलेस स्टीलचे स्क्रू घ्या.

रात्री मात्र ठिपके दिसत नाहीत. रात्री प्रवास करणारे पक्षी दिव्यांकडे ओढले जातात, म्हणून गच्चीचे आणि व्हरांड्याचे दिवे बंद ठेवणं पट्टीइतकंच महत्त्वाचं.

उपयोग होतोय का हे कळायला रोज उजाडताच त्याच काचांखाली फेरी मारा, लावण्याआधी आणि नंतर सारखेच दिवस. उशीर झाला की मांजर, मुंगूस, कावळे पुरावा नेतात. काचेवर चिकटलेलं पीस किंवा कवडा पक्ष्याच्या पिसांच्या भुकटीचा ठसाही टक्करच धरा. काहीच सापडलं नाही त्या दिवशी शून्य लिहा, नाहीतर तुलनाच होत नाही.

बेशुद्ध पक्षी सापडला तर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात कापडावर ठेवून अंधाऱ्या, शांत जागी दोन तास राहू द्या. चोचीत पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जातं. तरतरीत झाला की खोकं काचेपासून दूर, झाडीजवळ उघडा. पंख लोंबत असेल किंवा तो उठतच नसेल तर वन विभागाच्या 1926 या हेल्पलाइनवर कळवा.