पहिली रेंज कोणती बांधावी? दहा मीटर, पन्नास मीटर आणि ट्रॅप-स्कीट यांची तुलना

नेमबाजीला राष्ट्रीय पातळीवर उभे करू पाहणाऱ्या महासंघाने पहिल्या निधीतून कोणती रेंज बांधायची, हा निर्णय घाईने घेऊ नये. कारण एकदा बांधलेली रेंज पुढे कित्येक वर्षे त्या देशात कोणत्या प्रकारचे नेमबाज तयार होतील हे ठरवून टाकते. पॅरिस 2024 च्या ऑलिम्पिकमध्ये नेमबाजीच्या 15 स्पर्धा होत्या आणि त्या रायफल, पिस्तूल व शॉटगन यांत पाच-पाच अशा समान वाटलेल्या होत्या. अंतराच्या हिशेबाने मात्र चित्र बदलते: दहा मीटरवर सहा, पंचवीस व पन्नास मीटरच्या काडतुसी प्रकारांत चार, आणि मोकळ्या मैदानावरील ट्रॅप-स्कीटमध्ये, म्हणजे हवेत उडवलेल्या तबकड्या शॉटगनच्या छर्‍यांनी फोडण्याच्या प्रकारांत, पाच.

सुरुवात दहा मीटरपासून करावी, याबद्दल फारसा वाद नाही. पुरेशा लांबीचे बंदिस्त सभागृह, चांगला प्रकाश आणि छर्रे अडवणाऱ्या पेट्या एवढ्यावर काम सुरू होते. इथे वापरल्या जाणाऱ्या, दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या एअर रायफलचा 4.5 मिलिमीटरचा छर्रा जेमतेम अर्ध्या ग्रॅमचा असतो, म्हणजे 60 शॉटच्या पूर्ण पात्रता फेरीत सुमारे 30 ग्रॅम शिसे खर्च होते. ट्रॅपमध्ये एका काडतुसात 24 ग्रॅमपर्यंत शिसे भरता येते, पात्रता फेरीत 125 तबकड्या असतात आणि प्रत्येक तबकडीवर दोन बार काढण्याची मुभा असते. तेव्हा एका नेमबाजाच्या एका पात्रता फेरीत तीन ते सहा किलो शिसे मैदानात पडते. सरावाचे दिवस या हिशेबाने मोजले, की दोन प्रकारांच्या चालू खर्चातले अंतर लक्षात येते.

दहा मीटरवर रायफल की पिस्तूल, या प्रश्नाकडे मात्र बहुतेक योजनांत दुर्लक्ष होते आणि पैसा तिथेच चुकीच्या जागी जातो. एअर रायफलच्या लक्ष्यातील दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, म्हणजे छर्‍याच्या व्यासाच्या नवव्या हिश्शाएवढा असतो. पात्रता फेरीचे गुण दशांशांत मोजले जातात, म्हणून दहातच मोडणाऱ्या 10.0 आणि 10.9 यांत जवळजवळ एका गुणाचा फरक पडतो. कागदी लक्ष्यावर हा फरक नुसत्या डोळ्यांनी वाचता येत नाही. भोक पाडून छर्रा गेला, वर्तुळ तुटले, दहा लिहिले, इतकेच कळते आणि शिकणारी मुलगी आपण सुधारत आहोत की तिथेच आहोत हे न समजता महिनोन्‌महिने दहा-दहा लिहीत राहते. रायफलला म्हणून इलेक्ट्रॉनिक लक्ष्य किंवा निदान गुण मोजणारे यंत्र लवकर लागते. पिस्तूलच्या लक्ष्यात दहाचे वर्तुळ 11.5 मिलिमीटरचे असते आणि पॅरिसमध्येही पिस्तूलची पात्रता फेरी पूर्णांकांतच मोजली गेली, त्यामुळे कागदावर दोन-तीन वर्षांचा सराव सहज निभावतो.

कपड्यांचेही तसेच आहे. रायफलच्या नेमबाजाला मापाने शिवलेले जाड, ताठ जाकीट, पँट, बूट आणि हातमोजा लागतो. नियमांनुसार त्या कापडाचा ताठपणा आणि जाडी यंत्राने तपासली जाते आणि वाढत्या वयाच्या मुलाचे जाकीट दोन हंगामांत आखूड होते. पिस्तूलला हाताच्या मापाची मूठ पुरते. निधी तुटपुंजा असेल, तर आधी पिस्तूल, हे माझे स्पष्ट मत आहे. रायफलची बाजू एवढीच की तिच्यासाठी केलेला कपड्यांचा खर्च पुढे पन्नास मीटरवरही उपयोगी पडतो.

पन्नास मीटरचा निर्णय सावकाश घ्यावा. इथे वापरली जाणारी पॉइंट 22 इंच व्यासाची गोळी अडली नाही तर दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते, त्यामुळे भक्कम मातीचा बंधारा, आडव्या भिंती आणि कडक परवाना व्यवस्था यांशिवाय हा प्रकार सुरूच होत नाही. शिवाय प्रत्येक नळीला विशिष्ट उत्पादन-गटाचीच काडतुसे मानवतात, म्हणून अव्वल नेमबाज रायफल पकडीत घट्ट बसवून एकेक गट तपासतात आणि जुळलेला गट पेट्यांनी विकत घेतात. ही चैन नव्या महासंघाला झेपत नाही. पॅरिसमध्ये स्वप्नील कुसाळे यांनी याच प्रकारात, गुडघ्यावर, पालथे आणि उभे अशा तीन स्थितींत खेळून, कांस्यपदक मिळवले. असा नेमबाज घडण्यासाठी आधी दहा मीटरच्या रेंजवर पुष्कळ मुले असावी लागतात.

आता ट्रॅप-स्कीट. एवढे महाग म्हणून हा प्रकार यादीतून खोडून टाकण्याआधी पॅरिसचा निकाल पाहावा. दहा मीटरच्या सहा सुवर्णपदकांपैकी तीन चीनने आणि दोन दक्षिण कोरियाने नेली. उरलेले एक सर्बियाला मिळाले. शॉटगनची पाच सुवर्णपदके पाच देशांत गेली: ब्रिटन, ग्वाटेमाला, अमेरिका, चिली आणि इटली. ग्वाटेमालाच्या आद्रियाना रुआनो यांचे ट्रॅपमधील पदक हे त्या देशाचे ऑलिम्पिकमधील पहिलेच सुवर्ण होते. त्याआधी टोकियोत सान मारिनोच्या आलेसांद्रा पेरिल्ली यांनी ट्रॅपमध्येच कांस्य जिंकून आपल्या चिमुकल्या देशाला पहिले ऑलिम्पिक पदक मिळवून दिले. लहान देशाला दोन-तीन माणसांवर पैसा एकवटून काही साधायचे असेल, तर दहा मीटरपेक्षा इथे गर्दी कमी आहे. अट एकच, की गाव आणि पाणी यांपासून दूर अशी मोकळी जमीन हवी. छर्रे सुमारे दोनशे मीटर जातात आणि शिसे मातीतच राहते.

मोठ्या देशाचा हिशेब वेगळा. पॅरिसमध्ये वैयक्तिक प्रकारात एका देशाचे जास्तीत जास्त दोन नेमबाज उतरू शकत होते. पन्नास जण सारखेच तयार असले तरी अठ्ठेचाळीस घरी राहतात, म्हणून दहा मीटरवरचे बळ वाढू लागले की काहींना वेळीच पंचवीस आणि पन्नास मीटरकडे वळवावे लागते. पॅरिसमध्ये मनू भाकर यांनी दहा मीटर पिस्तूलमध्ये वैयक्तिक आणि मिश्र अशी दोन कांस्यपदके जिंकली आणि पंचवीस मीटरमध्ये त्या चौथ्या आल्या; एकाच हाताने दोन अंतरे सांभाळता येतात, हे त्यातून दिसते.

खरेदीची एक बाब कागदावर हमखास राहून जाते. एअर रायफल आणि एअर पिस्तूलच्या हवेच्या सिलिंडरवर वैधतेची मुदत कोरलेली असते, ती बहुधा दहा वर्षांची असते, आणि मुदत उलटलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही. उद्घाटनाच्या उत्साहात एकाच वर्षी पन्नास पिस्तुले घेतली, तर पन्नास सिलिंडर एकाच वर्षी बाद होतील आणि त्या वर्षी निधी असेलच असे नाही. ती खरेदी तीन-चार वर्षांत विभागून करावी आणि प्रत्येक सिलिंडरची तारीख रेंजच्या नोंदवहीत पहिल्याच दिवशी लिहून ठेवावी.