नागपुरात नव्यानं पळायला कुठे जावं: फुटाळा तलाव की सेमिनरी हिल्सची टेकडी?
पहिल्यांदा रस्त्यावर पळताना पायांपेक्षा "लोक काय म्हणतील" हेच जास्त दमवतं. फुटाळ्याचा काठ सपाट, नवख्याच्या श्वासाला सोपा. पण संध्याकाळी तिथे अर्धं नागपूर भुट्टे खात बसलेलं, अन् प्रत्येक नजर आपल्यावरच आहे असं वाटतं. जायचंच तर पहाटे. सेमिनरी हिल्सला झाडी, सावली आणि आपल्यासारखेच घामाघूम चेहरे; कोणी वळूनही पाहत नाही. चढ मात्र दम काढतो. तो सरळ चालत चढा, लाजू नका. सपाटीवर 1 मिनिट पळा, 2 मिनिटं चाला. सोबत्याशी बोलता येईल इतकाच वेग. मी तरी सेमिनरी हिल्सच धरेन. मे महिन्यात पारा 45 कडे सरकला की मात्र दोन्हीकडून ऊन चढायच्या आत घरी परता, बाप्पा!