पॉवर बीआयमध्ये कॅल्क्युलेटेड कॉलम ठेवू की मेजर करू?

पॉवर बीआय या मायक्रोसॉफ्टच्या रिपोर्ट बनवायच्या टूलमध्ये मॉडेल (रिपोर्टमागची सगळी टेबलं) जड झालं की कुणीतरी सांगतंच, कॉलम उडवा, सगळ्याची मेजर्स करा. सल्ला अर्धाच बरोबर आहे.

कॅल्क्युलेटेड कॉलम म्हणजे टेबलात सूत्राने वाढवलेला कॉलम, त्याचा हिशोब रिफ्रेशच्या (डेटा नव्याने भरण्याच्या) वेळी प्रत्येक रोसाठी होतो आणि उत्तर मॉडेलमध्ये साठून राहतं, म्हणजे रॅम जाते. मेजर म्हणजे रिपोर्टसाठी लिहिलेलं सूत्र, ते काही साठवत नाही, तुम्ही स्लायसर (रिपोर्टवरचा फिल्टर) फिरवला की तेव्हाच्या फिल्टरप्रमाणे हिशोब करतं, तिथे प्रोसेसर खर्च होतो.

टक्केवारीत तर वादच नाही, मेजर. समजा एक विक्री १०० ची, नफा ५० म्हणजे ५० टक्के, दुसरी १०,००० ची, नफा १,००० म्हणजे १० टक्के. कॉलममध्ये टक्के काढून सरासरी घेतली तर ३० टक्के येतात, पण खरं मार्जिन १०,१०० वर १,०५० म्हणजे साधारण १०.४ टक्के. साहेब ३० बघून खूश होतात, अकाउंट्सवाले नाही. मेजरमध्ये आधी बेरजा, मग डिव्हाइड, की कुठल्याही फिल्टरला बरोबर.

नग गुणिले दर हा मात्र डोकं लावायचा भाग. नग आणि दर यांचे वेगवेगळे आकडे थोडेच असतात म्हणून ते कॉलम छान कॉम्प्रेस होतात, पण गुणाकाराचा कॉलम केला की वेगळे आकडे ढीगभर होतात आणि मोठ्या टेबलात तोच जागा अडवतो. तिथे समएक्स (रोगणिक हिशोब करून बेरीज देणारं फंक्शन) वापरून मेजर लिहा, साधा गुणाकार इंजिन पटकन करतं. पण प्रत्येक रोला पाच-सहा इफ आणि वर टेक्स्टची तोडफोड असेल तर तेच मेजर दर क्लिकला रडवतं, तेव्हा कॉलमच बरा, फक्त तो पॉवर क्वेरीत (डेटा मॉडेलमध्ये यायच्या आधी तयार करायची जागा) किंवा मूळ डेटाबेसच्या एसक्यूएलमध्येच बनवून आणा, कारण डॅक्सचा (पॉवर बीआयच्या सूत्रांच्या भाषेतला) कॉलम बाकीचं टेबल कॉम्प्रेस झाल्यावर तयार होतो आणि तेवढा चांगला दबत नाही.

स्लायसर, चार्टचा अक्ष, रिलेशनशिप, सॉर्ट बाय कॉलम, इथे मेजर चालतच नाही. डेट टेबलातलं एप्रिलपासूनचं आर्थिक वर्ष कॉलमच राहू दे, दहा वर्षांचे रो जेमतेम ३,६५३, तिथे काय वाचवणार!

मधलं प्रकरण म्हणजे ग्राहकांची ए-बी-सी ग्रेड. कॉलम केला तर रिफ्रेशला ठरलेली ग्रेड स्लायसरवर वर्ष बदललं तरी तीच दिसणार, काहींना तेच हवं असतं. निवडलेल्या वर्षाप्रमाणे ग्रेड बदलायला हवी असेल तर ग्रेडच्या मर्यादांचं एक वेगळं, बाकी टेबलांना न जोडलेलं टेबल करून त्यावर मेजर लिहावं लागतं, काम वाढतं पण पर्याय नाही.

कॉलम काढायला घ्याल तेव्हा आधी डॅक्स स्टुडिओ या वेगळ्या टूलमध्ये व्हर्टिपॅक अ‍ॅनालायझर (कुठला कॉलम किती जागा खातो ते दाखवणारं) चालवून सगळ्यात जाड कॉलम कुठला ते बघा, बारक्यांच्या मागे लागू नका. मग नवं मेजर जुन्या कॉलमच्या बेरजेशेजारी एकाच टेबल व्हिज्युअलमध्ये ठेवा, महिना, शाखा, प्रॉडक्ट असे फिल्टर बदलून आकडे जुळतायत का बघा, टोटलची ओळ खास करून, आणि मगच कॉलम डिलीट करा.