क्लाउडवरची गाणी फोनवर ऐकताना: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

गेले आठ महिने माझा सगळा गाण्यांचा संग्रह क्लाउडवर आहे आणि तो मी फोनवरच्या एका प्लेअर ॲपमधून ऐकतो. संग्रह साधारण सहा हजार गाण्यांचा असून त्यातला बराचसा भाग मी जुन्या सीडींवरून उतरवून फ्लॅकमध्ये, म्हणजे आवाजाचा दर्जा न घटवता फाइल लहान करणाऱ्या प्रकारात, जपलेला आहे. तेवढी जागा फोनमध्ये नव्हती, म्हणून हा मार्ग पत्करला. पहिले तीन महिने मात्र गाणे निवडल्यापासून आवाज येईपर्यंत चार ते वीस सेकंद ते गोल चक्र पाहत बसावे लागे, आणि मी निमूटपणे नेटवर्कच्या नावाने बोटे मोडत असे.

हिशेब मांडला तेव्हा ते बोटे मोडणे फुकट गेल्याचे लक्षात आले. सीडीच्या दर्जाचा आवाज जसाच्या तसा पाठवायला सेकंदाला 1,411 किलोबिट लागतात. फ्लॅकमध्ये तेच काम बहुधा हजाराच्या आत भागते. स्पीड टेस्ट मला 40 एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला 40,000 किलोबिट, दाखवत होती. अर्थात ती टेस्ट जवळच्या सर्व्हरपर्यंतचा वेग मोजते आणि साठवणूक सेवा एकेका फाइलला किती वेग देते हा निराळा प्रश्न असतो. माझ्या बाबतीत तो सहा-सात एमबीपीएसच्या वर क्वचितच जाई. तरीही फ्लॅकला तो पुरून उरायला हवा होता, कारण गाणे एकदा सुरू झाले की मध्ये अडखळत नसे. रखडत होती ती फक्त सुरुवात.

एका अल्बमचे प्रत्येक गाणे सतरा-अठरा सेकंद घेई, तर त्याच कलाकाराचा दुसरा अल्बम चार सेकंदांत वाजू लागे. शेवटी त्यातली एक फाइल संगणकावर घेऊन टॅग संपादकात (गाण्याच्या फाइलीतली नावे, चित्रे वगैरे माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) उघडली, आणि दोष माझाच निघाला. काही वर्षांपूर्वी हौसेने मी सीडीसोबतच्या पुस्तिकेचे मुखपृष्ठ 600 डीपीआयला (इंचाला 600 ठिपके इतक्या बारकाईने) स्कॅन करून प्रत्येक गाण्यात चिकटवले होते आणि ते चित्र 14 एमबीचे होते. फ्लॅक काय किंवा एमपी3 काय, मुखपृष्ठ सहसा आवाजाच्या आधी साठवलेले असते. ते ओलांडून थेट आवाजापाशी जाण्याची युक्ती काही प्लेअरांना साधते, माझ्या ॲपला साधत नाही. म्हणजे मी गाण्याची वाट पाहत असताना फोन इमानेइतबारे चित्र उतरवून घेत होता. सगळी मुखपृष्ठे 600 बाय 600 पिक्सेलची केली, एकेक चित्र शंभरेक केबीवर आले आणि तो अल्बम तीन सेकंदांत वाजू लागला.

संग्रहातल्या एम4ए या दुसऱ्या प्रकारच्या फाइलींची तऱ्हा वेगळी होती. या प्रकारात कोणता आवाज कुठे आहे याची अनुक्रमणिका कधीकधी फाइलीच्या शेवटी असते. प्लेअर आधी सुरुवात वाचतो, मग शेवट मागवतो आणि नंतर पुन्हा सुरुवातीला येतो. फाइल फोनमध्येच असेल तर हे जाणवतही नाही. मोबाइल नेटवर्कवर मात्र प्रत्येक फेरीला वेळ जातो. एफएफएमपेग या ध्वनी-चित्र फाइलींचे रूपांतर करणाऱ्या मोफत प्रोग्रॅममधला फास्टस्टार्ट हा पर्याय अनुक्रमणिका पुढे आणून ठेवतो आणि आवाज पुन्हा एन्कोड करावा न लागल्यामुळे दर्जा तसूभरही बदलत नाही. सुमारे नऊशे फाइलींचे हे काम एका संध्याकाळी उरकले.

बाहेर ऐकण्यासाठी मी सगळ्या फ्लॅकची दुसरी प्रत ओपस या आवाजातला काही तपशील गाळून फाइल खूप लहान करणाऱ्या प्रकारात, 128 केबीपीएसला (सेकंदाला 128 किलोबिट) केली. चार मिनिटांचे गाणे जे पंचवीस-तीस एमबी घेई ते आता चार एमबीच्या आत बसते. चालताना, वाहनांच्या आवाजात मला या दोहोंत फरक कळत नाही, आणि कळतो असे सांगणाऱ्यांशी वाद घालण्याची माझी इच्छा नाही. मूळ फ्लॅक घरच्या वाय-फायसाठी तशाच ठेवल्या आहेत.

ॲपच्या सेटिंगमध्येही दोन गोष्टी दडलेल्या होत्या. पुढचे गाणे आधीच उतरवून ठेवण्याची सोय मुळात बंद होती आणि कॅशची (ऐकलेली गाणी फोनमध्ये तात्पुरती साठवण्याच्या जागेची) मर्यादा अवघी 500 एमबी, म्हणजे जेमतेम अठरा-वीस फ्लॅक गाण्यांपुरती होती. मी ती 8 जीबी केली. आता आवडीची गाणी बहुतेक वेळा फोनमधूनच वाजतात. स्क्रीन बंद झाल्यावर दोन-तीन गाण्यांनी वादन थांबत असे ते अँड्रॉइडच्या बॅटरी बचतीमुळे. त्यातून ॲपला सूट दिल्यावर ती अडचणही दूर झाली.

एवढे करूनही ॲपला मी पाचपैकी तीनच तारे देईन. घरातून बाहेर पडताना वाय-फाय सुटून मोबाइल डेटा सुरू झाला की फोनचा पत्ता बदलतो आणि चालू जोडणी तुटते. अशा वेळी फाइलीचा फक्त उरलेला भाग मागवता येतो, तशी तरतूद एचटीटीपीमध्ये, म्हणजे वेबवर फाइली मागवण्याच्या नियमांमध्ये, कधीची आहे. हे ॲप मात्र गाणे पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. यावर दोनदा लिहून कळवले आणि दोन्ही वेळा मला नेटवर्क तपासून पाहण्याचा सल्ला मिळाला.